तेरेखोलचा गुरुवार

गोव्यात चार दिवस होतो. त्यातले तीन समुद्रकिनाऱ्यावरच्या गर्दीत गेले, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तेरेखोलची रात्र मात्र डोक्यातून जात नाही.

केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली. पलीकडे आजूबाजूला सगळा महाराष्ट्र, तेरेखोल तेवढं गोव्यात. बाबा बरोबर होते, मूळचे सावंतवाडीचे. किल्ल्याच्या दारातच म्हणाले, "ह्यो किल्लो आमच्या सावंतांचो!" खरंच आहे ते. सतराव्या शतकात सावंतवाडीचे राजे खेम सावंत यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. आता तिथे हॉटेल आहे. आम्ही राहिलो तेव्हा खोल्या सात, नावं सात वारांची. आम्हाला गुरुवार मिळाला.

२०१९ साली आपल्याकडचे किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देणार अशी बातमी आली, तेव्हा मी फार संतापलो होतो. संरक्षित किल्ल्यांना हात लावणार नाही असा खुलासा सरकारने केला, तरी राग गेला नाही. लोक राजस्थानचं उदाहरण देत. पण जयपूरच्या सवाई मानसिंगांनी १९५७ साली रामबागेचं हॉटेल केलं, तो त्यांचा राहता महाल होता. संस्थान गेलं, एवढा पसारा पोसायचा कसा? किल्ल्याचं तसं नाही. तो कुणा एकाचं घर नसतो.

तरीही तेरेखोलला माझा राग जरा अडखळला. सकाळी जवळच्याच रेडी गावातला यशवंतगड पाहून आलो होतो. भिंतींत झाडांची मुळं घुसलेली, छप्पर कुठेच नाही, आत चालताना बाबांचा हात धरावा लागला. इथे तटाला रंग, खिडक्यांना काचा, व्हरांड्यात स्वच्छ पाण्याचा तांब्या. माणसं राहतात म्हणून वास्तू उभी आहे, हे मला मान्य करावंच लागलं.

संध्याकाळी बाबा तटावर बराच वेळ उभे होते. १५ ऑगस्ट १९५४ला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा चढवला, दिवसभर राखला आणि मग पोर्तुगीजांच्या कैदेत गेले. बाबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. सावंतवाडीत घराघरांत तीच चर्चा होती म्हणे. ते सांगत होते आणि खाली टेबलांवर जेवणाची मांडामांड चालली होती. खोल्या भाड्याने द्या, माझी हरकत नाही. पण तटावरची ही जागा ज्याच्याकडे खोलीचे पैसे नाहीत त्यालाही मिळायला हवी, रेडीच्या शाळेतल्या पोरांना तर आधी.

अंगणाच्या मधोमध संत अंतोनीचं चर्च आहे. एरवी बंद असतं. मे महिन्यातल्या फेस्ताला उघडतं, तेव्हा लोक आत येतात. रात्री जेवून परतताना बाबा त्या बंद दारासमोर थांबले, चपला काढल्या, हात जोडले. मग चपला हातातच घेऊन गुरुवारपर्यंत अनवाणी आले.