बट्टीच्या पंगतीत सिलिॲक: अमळनेरकडच्या लग्नाचे चार दिवस

मामेबहिणीच्या लग्नासाठी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात चार दिवस राहून आले. तीन वर्षांपूर्वी सिलिॲकचं निदान झालं, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार. त्यानंतरचं माझं हे पहिलंच खेड्यातलं लग्न. गहू आणि जव कायमचे बंद, चवीपुरतेही नाहीत.

खानदेशात घरोघरी भाकरी, मग कसली काळजी, असं मला वाटत होतं. आणि भाकरीनेच घात केला. हळदीच्या संध्याकाळी मामीने माझ्यासाठी मुद्दाम कळण्याची भाकरी थापली. ज्वारी आणि उडीद, दोन्ही मला चालतात. पण ते दळण गावच्या गिरणीतून आलं होतं, आणि त्याच्या आधी त्याच गिरणीत लग्नाच्या बट्ट्यांसाठी गव्हाचं भरड पीठ पोत्यांनी दळलं गेलं होतं. गिरणीत अडकलेला गहू माझ्या पिठात उतरला. रात्रभर पोटाने झोपू दिलं नाही, दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नव्हतं. मामी रडकुंडीला आली. तिला हे सांगणारं तरी कोण होतं? सांगायचं काम माझं होतं.

म्हणून पीठ घरूनच न्या, ग्लुटेनमुक्त असं छापलेलं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा पिठात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. सोबत स्वतःची छोटी परात आणि तवाही असू द्या. ज्या लाकडी काटवटीत कणीक मळली जाते ती कितीही धुतली तरी मी वापरत नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी सातलाच आचाऱ्यांना भेटले. "ग्लुटेन" हा शब्द वापरला नाही. "दादा, गव्हाचा कण पोटात गेला तरी मी आजारी पडते," एवढंच म्हणाले. त्यांनी लगेच विचारलं, "मग हिंग?" मला फार बरं वाटलं. डबीतल्या बांधणी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, आणि हे भल्याभल्यांना ठाऊक नसतं. फोडणी घालण्याआधीच त्यांनी माझं वरण बाजूला काढलं. भात आणि वांग्याची भाजी पंगत बसायच्या आधी, कोऱ्या पळीने घेतली. भाजीत हिंग नाही, हे आधी विचारून. पंगत सुरू झाली की वाढप्यांचे हात आणि पळ्या बट्टीला लागून सगळीकडे फिरतात, मग काहीच खात्रीचं राहत नाही. पापड-बिबड्यांनाही मी नाहीच म्हटलं. बिबडे ज्वारीचे असले तरी गव्हाच्या कुरडया त्याच कढईत तळल्या होत्या.

आग्रह होतोच. एक आजी हात धरून म्हणाल्या, "एक बट्टी खादी तं काय व्हई?" त्यांना रागावू नका. मी त्यांच्याजवळ बसून माझ्या आतड्याला गव्हाने इजा होते, लगेच दुखलं नाही तरी होते, हे शांतपणे सांगितलं. त्यानंतर पंगतीत माझ्या ताटाची राखण त्याच करत होत्या.

सगळ्यात मनसोक्त खाल्लं ते भरीत. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, शेंगदाणे, कांद्याची पात, लसूण, मिरची. हिंगाचा संबंध नाही. जळगावच्या या वांग्यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि चव घेतली की का ते कळतं. फक्त सोबतच्या पुऱ्या चालू असतील तर भरीत आधी वाढून घ्या.

परतीच्या प्रवासाला घरच्या पिठाच्या चार भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि डझनभर केळी घेतली. स्टेशनवर काहीच विकत घ्यावं लागलं नाही.