मुलांच्या लघवीत थॅलेट मोजताना: माझा अनुभव

थॅलेट आणि बिस्फेनॉल-ए ही प्लास्टिकमध्ये वापरली जाणारी रसायनं शरीरात फार टिकत नाहीत. काही तासांत, फार तर दिवसभरात बहुतांश बाहेर पडतात. त्यामुळे एका नमुन्यावरून मुलाला ‘जास्त संपर्क’ किंवा ‘कमी संपर्क’ या गटात टाकलं की हमखास चुकतं, आणि खरा परिणाम असला तरी आकड्यांत विरून जातो. मी आठवड्याभरात सहा-सात वेळा लघवी घेते आणि प्रत्येक नमुन्याचा सारखा भाग एकत्र करून तपासायला देते.

पोटातल्या बाळाचा संपर्क बघायचा असेल, तर गर्भवतींची अभ्यासात नोंदणी लवकर हवी. मुलग्याच्या जननेंद्रियांची घडण ठरवणारा नाजूक काळ साधारण गरोदरपणाच्या 8 ते 14 आठवड्यांचा. आई बाराव्या आठवड्यात आली तर त्यातला बराचसा हातून गेलेला असतो.

सगळ्यात जास्त जपावं लागतं ते नमुन्यात बाहेरून रसायन मिसळण्याला. विनाइलच्या हातमोज्यांत थॅलेट असू शकतं, म्हणून नायट्रिलचे घालायचे. ओल्या वाइप्समध्ये पॅराबेन (टिकाऊपणासाठी घातलेलं रसायन) असू शकतं, तेव्हा पुसायला साधं पाणीच. डबी पॉलीप्रॉपिलीनची. डायपरमधली जेल लघवी धरून ठेवते, म्हणून तान्ह्या बाळाच्या डायपरमध्ये कापसाचा पॅड ठेवायचा, दर अर्ध्या तासाने बघायचा, आणि ओला झाला की सुई नसलेल्या सिरिंजमध्ये घालून पिळायचा. तोच पॅड, तीच सिरिंज, तीच डबी वापरून शुद्ध पाण्याचाही एक नमुना करायचा. त्यात काही सापडलं, तर दोष साहित्याचा.

थॅलेटच्या बाबतीत एक सोय आहे. यकृतात ऑक्सिडीकरण होऊन बनलेले घटक मोजले, तर बाहेरून पडलेलं थॅलेट त्यात मिसळत नाही. बिस्फेनॉलला ही सोय नाही. ते लघवीत जवळजवळ सगळं ग्लुक्युरोनिक आम्लाशी जोडलेलं येतं, म्हणून काही नमुने ही जोड तोडणारं विकर (एन्झाइम) न घालताही तपासून घ्यावेत. मोकळं बिस्फेनॉल भरपूर निघालं, तर ते बहुधा डबीतून किंवा हातातून आलेलं.

लघवी किती पातळ आहे, याची दुरुस्ती क्रिएटिनिनने (स्नायूंतून लघवीत येणाऱ्या टाकाऊ घटकाने) करणं मला मुलांमध्ये पटत नाही. ते स्नायूंवर अवलंबून असतं, आणि आपण तर वाढीवरच्याच परिणामाचा शोध घेतोय! गोठवण्याआधी रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकून विशिष्ट घनता नोंदवावी. मग नमुने उणे 80 अंशांवर. लॅबला पाठवताना सगळ्या वयांचे नमुने प्रत्येक बॅचमध्ये मिसळलेले असावेत. नाहीतर यंत्राचा त्या दिवशीचा फरक वयाचा फरक म्हणून दिसतो.