तुम्ही विचारलंत म्हणून: बुलेटचा चिमटा बदलावा का?

जुनी बुलेट वळणावर मागून डोलते, टायर आणि शॉकअप नवे घातले तरी फरक पडत नाही, मग चिमटाच (मागचे चाक धरणारा, पुढे फ्रेमला सांध्याने जोडलेला दुहाती भाग, म्हणजे स्विंगआर्म) बदलून टाकावा का, असे मला वारंवार विचारले जाते. माझे उत्तर असे की झीज नेमकी कोठे झाली आहे हे मोजल्याशिवाय काहीही बदलू नये. चिमट्याच्या सांध्यातले बुश (धातूच्या आखूड नळ्या), त्यांतून जाणारा शाफ्ट (दांडा) किंवा शाफ्टला दोन्ही बाजूंनी धरणारी फ्रेमची भोके, यांपैकी काहीही झिजलेले असू शकते आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो.

गाडी डबल स्टँडवर घेऊन चाक हलवून पाहण्याची पद्धत अपुरी आहे, कारण चाकाच्या बेअरिंगमधला खेळही (ढिलाईही) त्यात मिसळतो. चाक, चेन आणि दोन्ही शॉकअप काढावेत, चिमट्याची मागची टोके धरून आडवी हलवावीत आणि दुसऱ्या हाताचा अंगठा सांध्यावर ठेवावा. बुशांमधले अंतर 200 मिमी, सांध्यापासून एक्सल (चाकाचा आस) 450 मिमी आणि प्रत्येक बुशात 0.2 मिमी खेळ असा हिशेब धरला, तर एक्सल आडवा सुमारे 0.9 मिमी सरकू शकतो. सांध्यापाशी क्षुल्लक वाटणारी ढिलाई मागे इतकी वाढते.

चिमटा कधीच पूर्ण फिरत नाही, काही अंशांतच वरखाली होतो, आणि चेन त्याला सतत पुढे ओढत असते. त्यामुळे झीज गोलाकार न होता एका बाजूला होते. म्हणूनच शाफ्ट मायक्रोमीटरने काटकोनातल्या दोन दिशांनी मोजावा आणि ते माप, बुश जिथे टेकत नाहीत अशा मधल्या भागाशी ताडून पाहावे. त्या भागाला नवेपणीचे माप शिल्लक असते.

बुश फॉस्फर ब्रॉन्झचे करून घ्यावेत आणि हातोड्याने न ठोकता लांब बोल्ट व वॉशर लावून ओढून बसवावेत. बसताना त्यांचे आतले भोक किंचित आवळते, म्हणून दोन्ही बुश बसल्यावर एकाच लांब रीमरने (भोक अचूक मापाला कापणाऱ्या हत्याराने), एका रेषेत, सलग रीम करणे अत्यावश्यक आहे. साधारण 0.03 ते 0.05 मिमी मोकळीक पुरे. पुष्कळ ठिकाणी प्रत्येक बुश वेगळा एमरी पेपरने घासतात. मग दोन्ही भोकांची रेषा जुळत नाही, शाफ्ट ठोकून घालावा लागतो, आणि तो घट्टपणा चांगल्या कामाची खूण समजला जातो. तसा सांधा लवकरच पुन्हा ढिला होतो.

सर्वांत अवघड दुरुस्ती फ्रेमच्या भोकांची. ग्रीस सुकून शाफ्ट बुशात जाम झाला की तो फ्रेममध्येच फिरू लागतो आणि भोके लांबट होतात. ती अंदाजाने वेल्डिंग भरून दुरुस्त करू नयेत. दोन्ही भोके मशीनवर एकाच सेटिंगमध्ये बोअर करून (कापून मोठी करून) त्यांत पोलादी स्लीव्ह (नळ्या) बसवाव्यात. इथे खर्च टाळला तर नवा चिमटाही त्याच लांबट भोकांत डोलेल.

चिमटा बदलायचा तो वाकला असेल किंवा गंजाने पोखरला असेल तरच. जोडणी झाल्यावर, ग्रीस भरण्याचे निपल असलेल्या गाडीत, दोन्ही टोकांतून ताजे ग्रीस बाहेर येईपर्यंत ते भरावे. एकाच बाजूने आले तर शाफ्ट पुन्हा काढून दुसऱ्या बाजूची वाट मोकळी करावी.