खडकवासल्याला भरती का येत नाही?

मे 2024 मध्ये मोठे सौर वादळ आले, म्हणजे सूर्याने फेकलेल्या विद्युतभारित कणांच्या झोताने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हलवून सोडले, तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर "आज रात्री मोबाइल उशाशी ठेवू नका" असा निरोप फिरत होता. पाठोपाठ कोणीतरी विचारले की चंद्र समुद्राला ओढतो, तर निम्म्याहून अधिक पाणी असलेल्या माणसाच्या शरीराला का ओढणार नाही? हा दुसरा प्रश्न मला आवडला, कारण तो पुण्यातच तपासून पाहता येतो. खडकवासल्याच्या धरणावर तोच पौर्णिमेचा चंद्र येतो. मग तिथे भरती का येत नाही?

भरती नुसत्या ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. पृथ्वीचा व्यास सुमारे 12,700 किलोमीटर असल्यामुळे चंद्राकडच्या बाजूला त्याची ओढ पलीकडच्या बाजूपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी अधिक असते, आणि हजारो किलोमीटर पसरलेल्या महासागराचे पाणी हलवायला तेवढा फरक पुरतो. धरणाच्या दोन टोकांमध्ये हा फरक नगण्य असतो. पाच-सहा फुटी माणसाच्या डोक्यात आणि पायांत तर तो नसल्यातच जमा. सूर्याचाही वाटा असतो, चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत आली की उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांग असते, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाणाऱ्या पुणेकरांनी तिथी पाहून निघावे ते यासाठी. त्यात अंधश्रद्धा काही नाही.

त्याच अलिबागेत 1904 पासून भूचुंबकीय वेधशाळा आहे. आधी ती मुंबईत कुलाब्याला होती. शहरात घोड्यांच्या जागी विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून हे काम अलिबागला हलवले गेले. सप्टेंबर 1859 मधल्या प्रचंड सौर वादळाच्या वेळी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र एकाएकी किती घसरले, याची दुर्मीळ नोंद कुलाब्याच्याच उपकरणांवर झाली. त्या वेळी अमेरिकेत बॅटऱ्या काढून ठेवूनही काही तारमार्गांवर संदेश जात होते, कारण बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तारेतच प्रवाह निर्माण केला होता.

इथेही हिशेब लांबीचाच आहे. वादळात जमिनीलगत निर्माण होणारा विद्युतदाब किलोमीटरमागे फार तर काही व्होल्ट असतो. शेकडो किलोमीटरच्या वाहिनीत तो साचत जातो, बोटभर लांबीच्या मोबाइलच्या सर्किटमध्ये त्याला साचायला जागाच नसते. 13 मार्च 1989 रोजी कॅनडातल्या क्वेबेकची वीज दीड-दोन मिनिटांत कोलमडली आणि सुमारे साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले, ते लांबच लांब वाहिन्यांमुळे आणि तिथल्या कठीण, वीज सहजी न वाहू देणाऱ्या खडकामुळे. घरोघरचे रेडिओ मात्र शाबूत राहिले.

मोबाइलमधल्या जीपीएसची गोष्ट वेगळी. उपग्रहाचा संदेश आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येतो, आणि वादळात तो थर विस्कटला की स्थान चुकते. 2024 च्या वादळात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना जीपीएसवर चालणारे पेरणीचे ट्रॅक्टर थांबवावे लागले. भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे आपल्याकडे वादळ नसतानाही सूर्यास्तानंतर हा थर अस्वस्थ होतो. शरीराचे म्हणाल, तर त्याच्याशी सूर्याचा खरा संबंध रोजच्या उन्हाचा आहे, आणि एप्रिलमधल्या पुणेकराला तो समजावून सांगण्याची गरज नाही.

सावध राहायचे आहे ते वीजवाहिन्या आणि उपग्रह सांभाळणाऱ्यांनी. 2 सप्टेंबर 2023 रोजी निघालेले आदित्य-एल1 हे भारताचे यान पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवते, आणि त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. वेगवान वादळ तिथून पृथ्वीपर्यंत साधारण अर्ध्या ते एक तासात पोहोचते. वाहिन्यांवरचा भार कमी करण्याचा निर्णय त्या वेळातच घ्यावा लागतो.