डेंग्यूनंतर तीन महिन्यांनी केस गळायला लागले - माझा अनुभव

डेंग्यू बरा झाला, प्लेटलेट्स वर आल्या, ऑफिस सुरू झालं, आणि मग जवळजवळ तीन महिन्यांनी केसांचे पुंजकेच्या पुंजके हातात यायला लागले. बाथरूमच्या जाळीवर, उशीवर, कणकेत सुद्धा! सासूबाई म्हणाल्या पाणी खारं आहे, जाऊबाईंनी कांद्याचा रस सांगितला, पण तापाचं नाव कुणीच घेतलं नाही, कारण तो जाऊन इतके दिवस झालेले.

स्किनच्या डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न केला, दोन-चार महिन्यांपूर्वी काही झालं होतं का? ताप, बाळंतपण, ऑपरेशन, क्रॅश डाएट? मग एक बट चिमटीत धरून हलकेच ओढली आणि आलेले केस कागदावर ठेवून दाखवले, प्रत्येकाच्या टोकाला बारीकसा पांढरा ठिपका. म्हणाल्या, हा तुटलेला नाही, वाढ थांबून आपोआप सुटलेला केस आहे, याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. आजारपणात बरेच केस एकदम वाढायचे थांबतात पण गळतात दोन-तीन महिन्यांनी, आणि मूळ शाबूत असल्यामुळे परत येतात. तसे रोज ५० ते १०० केस सगळ्यांचेच जातात.

भांगही नीट बघितला, कारण आनुवंशिक गळतीत बायकांचा भांग रुंद होत जातो, पुरुषांचे कपाळाचे कोपरे आणि माथा विरळ होतो. नाण्याएवढा गोल गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई, त्यात आपली प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. रोज घट्ट अंबाडा ओढून बांधला की कानशिलाजवळचे केस जातात ते वेगळंच. प्रत्येकाचे उपचार निराळे आणि आपल्याकडे सगळ्यांना एकच तेल चोपडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ठीक पण फेरिटिन कमी, म्हणजे लोहाचा साठाच संपत आलेला. गोळ्या दिल्या, चहासोबत घ्यायच्या नाहीत असं बजावलं. केसांसाठी बायोटिनच्या (एक जीवनसत्त्व) गोळ्या चालू असतील तर रक्ताच्या टेस्टच्या आधी डॉक्टरांना नक्की सांगा हं, जास्त डोस असला की थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

हळूहळू गळती कमी झाली, आता कपाळाजवळ छोटे छोटे उभे केस दिसतायत. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटरच वाढतो, त्यामुळे वेणी जाड व्हायला वेळ लागणारच. पण सहा महिने होऊनही गळती थांबत नसेल, किंवा टाळू दुखते, खपल्या, पू असं काही असेल तर घरी बसून वाट बघू नका, काही प्रकारांत मुळाच्या जागी व्रण होतो आणि तिथे मग केस उगवतच नाहीत.