पुदिना, चॉकलेट आणि अमृतधारा

भावाने लंडनहून 'आफ्टर एट'चा, म्हणजे पेपरमिंट भरलेल्या पातळ चॉकलेट चकत्यांचा डबा आणला होता. त्यातली शेवटची चकती लेकीने आणि मी अर्धी-अर्धी वाटून खाल्ली आणि तिथेच ठरलं, या चवीच्या ब्राउनी घरी करायच्या. साध्या ब्राउनी मला बऱ्यापैकी जमतात. त्यात पुदिना घालायचा, एवढंच तर होतं!

पहिल्या खेपेला मंडईतून जुडी आणली, पानं धुऊन बारीक चिरली आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये सोडली. पानं नीट निथळलेली नव्हती. दोन-चार वेळा ढवळलं तोच ते तुकतुकीत चॉकलेट आळून ओल्या वाळूसारखं झालं. चॉकलेटचा स्वभावच विचित्र. थेंबभर पाण्याने बिघडतं, आणि जास्त पाणी दिलं की ताळ्यावर येतं. चमचा-चमचा कढत पाणी घालून घोटत गेले, तेव्हा कुठे सैल झालं. ब्राउनी झाल्या, पण पानं काळी पडली होती, आणि सासूबाईंनी एक घास खाऊन शांतपणे विचारलं, "यावर शेव घालायची का गं?"

बरोबरच होतं त्यांचं. आपल्या बाजारातला पुदिना बहुतेक स्पिअरमिंटच्या जातीचा. त्याचा वास कार्व्होन नावाच्या द्रव्याचा, आणि आपल्याला तो थेट चटणी आणि पाणीपुरीची आठवण करून देतो. चकतीतला गारवा पेपरमिंट या वेगळ्या पुदिन्याचा, म्हणजे त्यातल्या मेंथॉलचा. मेंथॉलने तोंड खरं गार होत नाही, थंडी ओळखणाऱ्या नसा तेवढ्या फसतात.

म्हणून दुसऱ्या खेपेला रविवार पेठेतून पेपरमिंटची बाटली आणली. रेसिपीत अर्धा चमचा लिहिलं होतं, मी अर्धा चमचा घातलं. रेसिपीतलं माप इसेन्सचं होतं आणि माझ्या हातातली बाटली त्याहून कितीतरी जहाल तेलाची, हे लेबल वाचल्यावर कळलं. तोपर्यंत घाणा ओटीजी ओव्हनमध्ये गेला होता. दहाव्या मिनिटाला सासूबाई बाहेरूनच ओरडल्या, "अगं, पोट कुणाचं दुखतंय? अमृतधारा कुणी काढली?" हसू आलं, पण नाक त्यांचं पक्कं. अमृतधारेत ओव्याचं फूल आणि कापराबरोबर पुदिन्याचं फूल असतं, आणि पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉलचेच खडे. तो घाणा कुणालाच खाववला नाही. डोळे चुरचुरत होते.

तिसऱ्या वेळी घाण्यात पेपरमिंट घातलंच नाही, कारण भट्टीत बराच वास उडून जातो. 150 ग्रॅम डार्क चॉकलेट आणि 115 ग्रॅम बिनमिठाचं बटर एकत्र वितळवलं. 3 अंडी आणि 150 ग्रॅम साखर पाच मिनिटं फेटली. वरची ती पापुद्र्यासारखी चकाकणारी साय यातूनच येते, त्यामुळे इथे घाई नको. मग 75 ग्रॅम मैदा, दोन चमचे कोको, चिमूटभर मीठ. आठ इंची चौकोनी टिन, 170 अंश, 25 मिनिटं. टूथपिक कोरी निघाली तर समजा उशीर झाला. तिला थोडा ओला चुरा चिकटायला हवा.

ब्राउनी पूर्ण गार झाल्यावर वरून घालायला 60 ग्रॅम गरम क्रीममध्ये 100 ग्रॅम चॉकलेट विरघळवलं. ते कोमट झालं तेव्हा टूथपिकचं टोक तेलात बुडवून त्यात फिरवलं. चाटून पाहिलं. आणखी एकदा बुडवलं. बस्स, एवढंच पुरलं, अर्धा चमचा नव्हे! रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीने तुकडे कापले.

सासूबाईंनी दोन तुकडे खाल्ले, शेवेचं नाव काढलं नाही. तेलाची बाटली मात्र त्यांनी उचलून औषधांच्या डब्यात ठेवली आहे. पुढच्या वेळी त्यांच्याकडूनच मागून घ्यावी लागणार.