आईचा व्हिसा आणि सिंगापूरचे ९६ तास

मेलबर्नला दादाकडे जायचं ठरलं, तेव्हाच वाटेत सिंगापूरला थांबायचं माझ्या मनात पक्कं झालं. आईनं सत्तरी ओलांडलीय, गुडघे कुरकुरतात. साताऱ्याहून मुंबईपर्यंतचा अडीचशे किलोमीटरचा प्रवास आणि त्यावर दोन लांबलचक विमानं, हे सगळं तिला एका दमात करायला लावणं मला पटत नव्हतं. त्यात कळलं की आपल्या भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा वेगळा व्हिसा न काढताही तिथं ९६ तास थांबता येतं.

अटी मात्र नीट वाचाव्या लागतात. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन किंवा अमेरिका, यांपैकी एका देशाचा व्हिसा हवा आणि सिंगापूरला उतरल्या दिवसापासून तो किमान एक महिना शिल्लक हवा. तिसऱ्या देशात जाता-येताना सिंगापूर वाटेत लागत असलं पाहिजे, आणि ९६ तासांच्या आत बाहेर पडायचं पक्कं तिकीट हातात हवं. मुंबई-सिंगापूर-मुंबई एवढंच करणाऱ्याला ही सोय नाही.

आमचा पहिला बेत परतीच्या वाटेवर थांबायचा होता. दादाला भेटून, निवांत होऊन मग फिरायचं. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवत नाहीत, ईमेलवर मंजुरीचं पत्र येतं. चार पत्रं आली. माझं, नवऱ्याचं आणि नऊ वर्षांच्या लेकीचं एक वर्षाचं, आणि आईचं फक्त तीन महिन्यांचं! शाहूपुरीतल्या घरी त्या रात्री भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. परतीच्या तारखेला आईच्या व्हिशाचे जेमतेम बावीस दिवस उरत होते.

"आपण एकाच घरातले आहोत, एकत्रच बघतील ना," नवरा म्हणाला. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण या नियमात कुटुंब नावाची गोष्टच नाही. एकेक पासपोर्ट स्वतःच्या पायावर उभा असतो. आम्हा तिघांना आत घेतलं असतं आणि आईला अडवलं असतं, ही कल्पनाच मला सहन होईना. मग बेत उलटा केला: थांबायचं ते जाताना. तेव्हा आईचा व्हिसा दोन महिन्यांच्या आसपास शिल्लक राहत होता. तारखा बदलायला जास्तीचे पैसे गेले, पण ते मी आनंदानं दिले.

राजवाड्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रत्येकाचा वेगळा संच काढला: व्हिशाचं पत्र, सिंगापूर-मेलबर्न तिकीट, हॉटेलचं बुकिंग. चार रंगांच्या चार फायली. आईची हिरवी. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, एवढं समजा. आपल्याकडे तिकिटावरचं आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नाही ही नेहमीची अडचण, त्यामुळे आईच्या नावातलं वडिलांचं की नवऱ्याचं नाव, हे मी अक्षर न् अक्षर तपासलं.

दादाला सातारी कंदी पेढे हवे होते. भारतातून दुधाची मिठाई ऑस्ट्रेलियात नेता येत नाही, म्हणून मुंबई विमानतळावर आम्ही चौघांनीच ते खाल्ले. आईला ते फार लागलं.

खरी अडचण आली ती मुंबईतच, चेक-इनला. काउंटरवरच्या मुलीनं आईचा पासपोर्ट उलटसुलट चाळला आणि विचारलं, "सिंगापूरचा व्हिसा कुठंय?" मी नियम सांगितला. तिला तो माहीत नव्हता. मागं रांग वाढत होती, लेक माझा हात घट्ट धरून उभी. मी आवाज न चढवता हिरवी फाइल उघडली, व्हिशाच्या पत्रावरच्या तारखेवर बोट ठेवलं, शेजारी पुढचं तिकीट ठेवलं आणि म्हटलं, "तुमच्या सिस्टीममध्ये ट्रान्झिटचा नियम एकदा बघाल का? नाहीतर तुमच्या सीनियरना बोलवा." सीनियर आले, त्यांनी स्क्रीनवर वाचलं आणि दोन मिनिटांत बोर्डिंग पास हातात पडले. प्रवाशाला उतरू दिलं नाही तर विमान कंपनीलाच त्याला परत आणावं लागतं, म्हणून ते कसून बघतात. ते मला समजतं. पण त्या वीस मिनिटांत आई एकच वाक्य तीनदा म्हणाली, "माझ्यामुळं तुमचं अडू नये गं." ते अजून कानात आहे.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरलो. पाट्यांवर इंग्रजी, चिनी, मलायबरोबर तमिळही. आईनं ती लिपी लगेच ओळखली. "रामेश्वरला हीच होती की!" तिच्या चालण्यात एकदम जोर आला.

इमिग्रेशनच्या काउंटरवर आम्हाला एकत्रच बोलावलं. अधिकाऱ्यानं आमच्या तिघांचं पटकन उरकलं. आईचे मात्र बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर भांडी घासून, भाकऱ्या थापून झिजलेली बोटं ती. आधार कार्डाच्या वेळीही हेच झालं होतं. ती घाबरून पदराला बोटं पुसत राहिली. अधिकारी हसला, हातानं खूण करून म्हणाला, "चष्मा काढा, कॅमेऱ्याकडे बघा." ठशांऐवजी डोळ्यांचा फोटो घेतला गेला. मग त्यानं तिलाच विचारलं, "किती दिवस?" मी तोंड उघडायच्या आत आईनं हिरव्या फाइलमधलं पुढचं तिकीट काढून काचेपलीकडे सरकवलं आणि दोन बोटं दाखवली.

"शिक्का नाही मारला?" बाहेर येताच तिनं विचारलं. तिथं आता शिक्का मारत नाहीत, राहण्याच्या परवानगीचा पास ईमेलवर येतो. तिथंच खुर्चीत बसून मी चौघांचे पास उघडले आणि प्रत्येकावरची राहण्याची शेवटची तारीख वाचली. तुम्हीही काउंटर सोडल्यावर लांब जायच्या आधी एवढं कराच. दोन रात्रींच्या मुक्कामामुळं बॅगा इथंच घ्यायच्या होत्या, त्या घेतल्या.

विमानतळाला लागूनच असलेल्या ज्युएल या मॉलमधला धबधबा ४० मीटर उंचीचा, इमारतीच्या आत पडणारा जगातला सगळ्यात उंच. आई कठड्याला धरून बराच वेळ उभी होती. पाण्याचे तुषार तोंडावर येत होते. मग तिनं पिशवीतून हिरवी फाइल काढली, पदरानं कोरडी केली आणि पुन्हा आत ठेवली.

"परवा परत दाखवायला लागंल ना," ती म्हणाली, "माझ्याचकडं राहू दे."